पखुर्डी, पाणी आणि बारा बोअर

आजोबांची बंदूक सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. एकनळी, बारा बोअर, दस्त्याला तांब्याच्या तारेचा वेढा. परवानाधारक वारला की हत्यार ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग वारसाने ठरवायचं, नावावर करून घ्यायचं की सोडून द्यायचं. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, तूच बघ." फॉर्म ऑनलाइन भरायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फॉर्म उघडण्याआधी मला एक गोष्ट कळून घ्यायची होती. नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, येवला तालुक्यात, बाजरी पिकवणाऱ्या माणसाने साठच्या दशकात बंदूक घेतली कशासाठी? आजीला विचारलं. ती म्हणाली, "कागदावर रानडुकरांसाठी. खरं तर पखुर्डीसाठी."

पखुर्डी म्हणजे माळरानावरचा, कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा पक्षी. जमिनीवर बसली की दहा पावलांवरूनही दिसत नाही. पायांवर पिसं असलेला हा पक्षी बघून इंग्रजांना आपल्याकडचा ग्राउज आठवला आणि त्यांनी हिला सँडग्राउज म्हटलं. खरं तर दोघांचं नातं काही नाही. पखुर्डी ग्राउजपेक्षा कबुतराच्या जवळची. पण नावाबरोबर शौकही आला. स्कॉटलंडमध्ये १२ ऑगस्टला ग्राउजचा हंगाम उघडतो, हाकारे पक्षी उठवतात आणि आडोशामागे उभे असलेले साहेब बार काढतात. इथे दख्खनच्या माळावर तोच खेळ पखुर्डीवर सुरू झाला. भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात तीन खंड काढले. हे ह्यूम म्हणजे शाळेच्या पुस्तकातले, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच.

आपल्याकडे पखुर्डीच्या दोन जाती, आणि शिकारीची पद्धत जातीवर ठरायची. साधी पखुर्डी सकाळी, सूर्य वर आल्यावर दोनेक तासांनी, थवे करून पाण्यावर येते. ती उंचावरून, वेगात येते. म्हणून पाण्याजवळ लपून वाट बघायची. रंगीत पखुर्डी खडकाळ झुडपात जोडीने राहते आणि पाण्यावर येते ती अंधारात, पहाटेआधी किंवा सूर्य बुडाल्यावर. तिला चालत चालत उठवावं लागतं; ती पायाजवळून फडफडत उडते.

बंदूकही त्यानुसार. 'बारा बोअर' या नावाचा हिशेब मला फार आवडला. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास, तो नळीचा व्यास. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असेल तर त्याला चोक म्हणतात. सरळ नळीतून चाळीस यार्डांवर साधारण ४० टक्के छर्रे पाऊण मीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात, पूर्ण चोक असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणून पायाजवळून उडणाऱ्या रंगीत पखुर्डीला उघडी नळी बरी आणि उंचावरच्या थव्याला आवळलेली. साहेबाकडे दुनळी असायची. एक नळी उघडी, एक आवळलेली, दोन्ही सोयी एकाच खांद्यावर.

शिवाय नेम पक्ष्यावर धरायचाच नाही. पखुर्डीचा वेग ताशी ६५ किलोमीटर धरला आणि छर्ऱ्यांचा सेकंदाला ३०० मीटर, तर तीस मीटरवर छर्रे पोचेपर्यंत ती जवळपास दोन मीटर पुढे गेलेली असते. बार तिच्या पुढच्या रिकाम्या हवेत काढायचा.

आजोबांनी यातलं काही केलं नाही. उडत्या पक्ष्यावर मारणं हा साहेबाचा शिष्टाचार होता आणि आजोबांना काडतूस विकत घ्यावं लागायचं. थवा डोहाच्या काठावर उतरून माना खाली घालेपर्यंत ते थांबायचे. एक नळी, एक काडतूस, चार-पाच पक्षी.

नाशिकमध्ये बंदूक म्हटलं की १९०९ साल आठवतं. विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे, कलेक्टर जॅक्सन. त्या ब्राउनिंग पिस्तुलाची गोष्ट आपल्याला पाठ असते. ते चोरून का आणावं लागलं, हे मात्र आपण विचारत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी होती आणि युरोपियनांना परवान्यातून सूट. देवळालीच्या छावणीतला गोरा सहज बंदूक बाळगायचा; शेजारच्या गावच्या पाटलाला अर्ज करावा लागायचा.

आणि माळावरचा खरा जाणकार तर अर्ज करण्याच्या पंगतीतही नव्हता. फासेपारध्यांचं हत्यार म्हणजे फास. घोड्याच्या केसांचे किंवा तातीचे फास खुंट्यांना ओळीने बांधून गवतातल्या वाटेवर लावायचे आणि तित्तर-लाव्यांना घाई न करता तिकडे वळवायचं. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पक्ष्यांजवळ जायचे. चरणाऱ्या गाईला पक्षी घाबरत नाही. आवाज नाही, काडतूस नाही. लागतं ते फक्त पक्ष्याच्या सवयींचं ज्ञान. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि हेच ज्ञान असलेली माणसं जन्मतः गुन्हेगार ठरली.

आजोबांना पाणी दाखवायचा तो एक पारधीच. कुठल्या डोहावर, कुठल्या बाजूने, किती वाजता थवा उतरेल, हे तो आदल्या दिवशी सांगायचा. पक्षी निम्मे-निम्मे. आजी सांगते, १९७२ च्या दुष्काळात गावात धान्याची चोरी झाली. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन वीस वर्षं झाली होती, तरी आधी त्यालाच उचलून नेलं. चोरीच्या रात्री तो आजोबांबरोबर डोहाजवळ होता. आजोबा हे सांगायला गेले नाहीत. शिकारीचा परवाना त्यांच्या कागदांत मला सापडला नाही, बहुधा नव्हताच. चार दिवसांनी पारधी सुटून आला आणि त्याचं बिऱ्हाड गाव सोडून गेलं.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही छोट्या शिकारीला परवाना मिळायचा. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. पण आजोबांची शिकार त्याआधीच थांबली होती. त्या उन्हाळ्यात ओढ्यात एकच डोह उरला होता आणि सगळ्या माळाची पाखरं तिथेच यायची. आजोबा एकटे गेले. इतके पक्षी एका बारात कधी पडले नव्हते. आजीला आठवतं ते वेगळंच: पिसं काढताना नरांची पोटं ओलीचिंब होती, पिळावीत अशी. "पाण्यात पडले असतील," असं आजोबा म्हणाले.

ते पाण्यात पडले नव्हते. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी दूर माळावरच्या पिल्लांकडे नेतो. पिल्लं चोचीने पिसं ओढून पाणी पितात. मीड-वाल्डो या इंग्रजाने १८९६ मध्ये पाळलेल्या पक्ष्यांत हे पाहिलं, तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवर ते पक्कं केलं. म्हणजे आजोबांनी बंदूक उचलली त्याच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं, येवल्यापासून फार लांब. त्या पारध्याला मात्र ते ठाऊक असावं. आजी म्हणते, काही महिने तो पाणी दाखवायचाच नाही, आणि आजोबा त्याला आळशी म्हणायचे.

काल रात्री फॉर्म उघडला. हत्याराचा नंबर, परवान्याचा नंबर, कुठून घेतलं, सगळं आजोबांच्या जीर्ण पुस्तिकेत मिळालं. मग हत्यार कशासाठी हवं, या रकान्यावर थांबलो आणि आजीला फोन केला.

"त्या पारध्याचं नाव काय होतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पारधीच म्हणायचो की रे आम्ही."

फॉर्म मी बंद केला. बंदूक सोडून देण्याचा अर्ज साध्या कागदावर करायचा असतो. तो लिहून ठेवलाय.