विद्युत हायड्रॉलिक पंप : तेल राखण्याची विद्या

उड्डाणपुलाच्या कामाजवळून जाताना गर्डरच्या टोकाला बसवलेला जाडजूड जॅक आणि दोन नळ्यांनी त्याला जोडलेला लहानसा पंप तुम्ही पाहिला असेल. काँक्रीटच्या पोटातून ओवलेल्या पोलादी तारा तो जॅक ताणत असतो. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुटी रुई दाबून सुमारे 170 किलोची गाठ बांधली जाते. साखर कारखान्यात उसावरचा रोलर हायड्रॉलिक दाबानेच खाली धरलेला असतो आणि भोसरी-चाकणच्या शेडमधल्या प्रेसखाली पत्र्याला आकार येतो. या साऱ्या कामांमागे बहुधा एकच जोडी असते, ती म्हणजे विजेची मोटर आणि तिने फिरवलेला तेलाचा पंप. टाकी, व्हॉल्व्ह आणि गेजसह ही जोडी एका चौकटीत बसली की कारखान्यात तिला पॉवर पॅक म्हणतात. त्याची ओळख करून घेणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो आयटीआयचा विद्यार्थी असो, ऑपरेटर असो किंवा केवळ जिज्ञासू वाचक, या पानांवर मनापासून स्वागत आहे.

या विद्येला मोठी परंपरा आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडले. त्यावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी 1795 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. तिथे खरी अडचण गळतीची होती. दाब वाढला की पिस्टनभोवतीची फट पाणी सोडू लागे. दाबानेच फुगून घट्ट बसणाऱ्या चामड्याच्या सीलने हा प्रश्न सोडवला. त्याचे श्रेय ब्रामांच्या कारखान्यातले कारागीर हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. लंडनचा टॉवर ब्रिज 1894 मध्ये खुला झाला, तेव्हा त्याचे पंख वाफेच्या बळावर दाबलेल्या पाण्याने उचलले जात. 1970 च्या दशकात त्या जागी वीज आणि तेल आले. तेल जोर पोहोचवते आणि त्याच वेळी पंपाला वंगण देते, उष्णता वाहून नेते व गंज रोखते. एकाच पदार्थावर चार जबाबदाऱ्या आल्यामुळे पंप सांभाळणे म्हणजे मुख्यतः तेल सांभाळणे, ही या विषयाची गुरुकिल्ली ठरली.

नवख्या वाचकांनी सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा. पंप प्रवाह देतो आणि त्या प्रवाहाला अडथळा झाला की दाब चढतो. 50 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या. 700 बार दाबाला तो सुमारे 14 टन जोर देतो. मिनिटाला एक लिटर तेल मिळाले तर तोच पिस्टन मिनिटात सुमारे 51 सेंटिमीटर सरकतो. जोर दाबावर ठरतो, वेग प्रवाहावर. एवढे उमगले की बिघाडाचा शोध अर्धा सोपा होतो. यंत्र मंदावले असेल तर तेलाची पातळी, तुंबलेली सक्शन गाळणी किंवा झिजलेला पंप तपासावा. वेग ठीक असून जोर कमी पडत असेल तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचे सील पाहावेत. मंदावलेल्या यंत्राचा रिलीफ व्हॉल्व्ह आवळण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो. त्याने वेग वाढत नाही, होज आणि सील मात्र धोक्यात येतात.

अभ्यासाची सुरुवात आकृत्यांपासून करण्याची घाई नको. आधी एखाद्या बंद पॉवर पॅकसमोर उभे राहून तेलाची वाट नजरेने चाला: टाकी, सक्शन गाळणी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, सिलिंडर, परतीचा फिल्टर आणि पुन्हा टाकी. मग आकृतीतली चिन्हे ओळखीची वाटू लागतात. चालवण्याचे शिस्तीचे टप्पेही याच वाटेवरून समजतात. तेलाची पातळी सिलिंडर पूर्ण आत घेऊन पाहायची, कारण बाहेर गेलेल्या रॉडमागचे तेल परत टाकीत येणार असते. थ्री फेजच्या जोडणीनंतर मोटर क्षणभर फिरवून दिशा बाणाशी जुळते का ते बघायचे. दोन फेज उलटसुलट झाल्या की मोटर उलटी फिरते, तेल येत नाही आणि पंप कोरडा घासला जातो. चालू करताना यंत्रावर भार नसावा, दाब नंतर चढवावा.

देखभालीचा गाभा स्वच्छता आहे. ज्या कणांनी पंप झिजतो ते बहुतेक डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा असतो, तर तेलाची स्वच्छता मोजणारे आयएसओ 4406 मानक 4, 6 आणि 14 मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजते. म्हणून नव्या पिंपातले तेलही फिल्टरमधूनच भरावे. ग्रेड उत्पादकाने सांगितलेलाच असावा. व्हीजी 46 म्हणजे 40 अंश सेल्सिअसला 46 सेंटिस्टोक विष्यंदिता, आणि हा आकडा पंपाच्या आतल्या बारीक फटींचा विचार करून निवडलेला असतो. तेल आपली प्रकृती स्वतः सांगते. ते दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे, फेसाळले तर हवा. पंप खडे भरडल्यासारखा आवाज करू लागला तर त्याला पुरेसे तेल मिळत नाही. टाकीचे तापमान 60 अंशांच्या वर टिकू लागले, तर कुठेतरी, बहुधा रिलीफ व्हॉल्व्हवरून, दाबाचे तेल काम न करता परतत आहे. ही चिन्हे वेळेत वाचणारा ऑपरेटर कारखान्याची कितीतरी मोठी दुरुस्ती वाचवतो. त्याच्या या कौशल्याचा मान राखला गेला पाहिजे.

सुरक्षेविषयी इथे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम क्षुल्लक दिसते, दुखणेही सुरुवातीला कमी असते, पण अशा वेळी शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयात तातडीने पोहोचणे अत्यावश्यक असते. गळती पुठ्ठ्याने शोधावी, हाताने कधीही नाही. कोणतेही कपलिंग सोडण्याआधी भार खाली उतरवावा, मोटर बंद करून स्विचला कुलूप लावावे, व्हॉल्व्ह हलवून अडकलेला दाब सोडावा आणि गेज शून्यावर आल्याची खात्री करावी. तेलाचा दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर असेल तर मोटर थांबल्यावरही त्यात दाब शिल्लक असतो. त्यात नायट्रोजनच भरायचा असतो, ऑक्सिजन कदापि नाही.

पुढे जाणाऱ्या वाचकांनी एक साधी वही जवळ ठेवावी. दर पाळीला दाब, तापमान, तेलाची पातळी आणि आवाजातला फरक तिच्यात लिहावा. पुलावर तारा ताणताना गेजवरचा दाब आणि तारेची वाढलेली लांबी दोन्ही नोंदवून ताडून पाहतात, कारण एकटा आकडा फसवू शकतो. तीच सवय प्रत्येक पंपाला लागू पडते. पाठ्यपुस्तक सर्वसाधारण नियम सांगते, तर तुमच्या यंत्राचा स्वभाव तुमच्याच नोंदी सांगतात. गणित आवडणाऱ्यांनी दाब-प्रवाहापासून सुरुवात करावी, हाताने शिकणाऱ्यांनी फिल्टर आणि सीलपासून. दोन्ही वाटांनी येणाऱ्यांना इथे सारखेच स्थान आहे, आणि पक्का तंत्रज्ञ होण्यासाठी पुढे दोन्ही वाटा चालाव्या लागतात.