फळीवरचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या. पण ज्या फळीवर आपण वळकटी, ट्रंक, संत्र्यांची करंडी आणि वेळप्रसंगी स्वतःलाही ठेवून प्रवास केला, त्या गाडीतल्या सामानाच्या फळीचा इतिहास शाळेत कोणी शिकवला नाही. नागपूरकराला तर तो यायलाच हवा. आमचे गाव देशाच्या मध्यावर. कुठेही जायचे म्हणजे रात्रभराची गाडी, आणि कुठेही जायचे म्हणजे संत्री न्यायची. मुंबईच्या मावशीकडे रिकाम्या हाताने गेलेला नागपूरकर अजून जन्मायचा आहे.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही फळी म्हणजे पावती नसलेली ठेव. आपणच ठेवायची, आपणच राखायची, आणि मधल्याच स्टेशनवर भलत्याने काढून नेली तर तक्रारीला काउंटर नाही!

विलायतेत आगगाडी आली तेव्हा डब्याची घडण घोडागाडीवरूनच उचललेली होती. घोडागाडीत सामान टपावर, म्हणून आगगाडीतही टपावर. तिथे त्यावर पाऊस पडे आणि इंजिनाच्या ठिणग्याही पडत. हळूहळू सामान आत आले. आत ठेवायचे कुठे? खाली माणसांचे पाय होते, म्हणून डोक्यावर. तिथे दोरीची जाळी टांगली आणि पाटी लावली, की येथे फक्त हलक्या वस्तू ठेवाव्यात. हलकी वस्तू म्हणजे साहेबाची हॅट, फार तर छत्री.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि १८६७ साली रूळ नागपूरला पोचले. आता गाठ आपल्या माणसाशी होती. त्याच्या हलक्या वस्तू म्हणजे बिछाना, फिरकीचा तांब्या, लाडवांचा डबा आणि मुलीच्या सासरी पोचवायचा पाटा. त्यापुढे जाळी काय करणार? आपल्या ओळखीचा जो साधा डबा, त्यात फळीच : लाकडी पट्ट्यांची, लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेली.

वाटते तितके हे काम सोपे नाही. फळी एका बाजूने भिंतीला धरलेली, दुसरी बाजू अधांतरी. वजन जितके कडेला, तितका भिंतीतल्या बोल्टला ताण. रुंद करावी तर खालचा माणूस उठताना कपाळमोक्ष, अरुंद करावी तर ट्रंक अर्धी बाहेर. म्हणून ती भिंतीकडे किंचित कलती ठेवायची आणि पुढे आडवी सळी द्यायची, म्हणजे ब्रेक लागला तरी सामान मांडीवर येत नाही. पट्ट्यांमध्ये फटी ठेवल्या की वजन वाचते, खालून आपली पिशवी दिसते, धूळ साचत नाही. मात्र लोणचेही थांबत नाही. वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत कोणा गृहिणीच्या बरणीतले तेल थेंब थेंब माझ्या सदऱ्यावर येत होते. मी वर पाहिले तर ती म्हणाली, ''काही नाही भाऊ, घरचंच आहे!''

राहता राहिली उंची. खालच्याचे डोके वाचेल इतकी वर आणि आईचा हात पोचेल इतकी खाली, अशी जागा हवी. बहुतेक फळ्या धिप्पाड पुरुषाचा हात बघून बसवल्यासारख्या वाटतात. म्हणून एकट्या निघालेल्या बाईला गाडीत पहिले वाक्य म्हणावे लागते ते, ''भाऊ, एवढं वर ठेवून देता का?''

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. एसटीने घोडागाडीचा टप बरीच वर्षे सोडला नाही. मागे शिडी, वर कॅरिअर, त्यावर सायकली, खाटा, कोंबड्यांच्या पाट्या. पण ओझे जितके उंच, तितकी गाडी वळणावर डोलते. त्यामुळे आतल्या सळ्यांच्या रॅकचे महत्त्व वाढले. आमच्या हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे नुसती चासी यायची आणि पत्रा, बाके, खिडक्या, रॅक असा सगळा संसार थाटून गाडी बाहेर पडायची. विमानवाल्यांचीही गत निराळी नव्हती. हॅट ठेवायच्या त्यांच्या उघड्या फळीला झाकण आले ते १९७० च्या सुमारास, जंबो जेट निघाल्यावर.

हे झाले सामानाचे. पण या फळीचा खरा इतिहास सामानाचा नाहीच. गांधीजींनी १९१७ साली मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने जाऊन तिथली गर्दी आणि घाण जाहीरपणे लिहिली. त्या गर्दीत खाली जागा न मिळालेला माणूस वर चढला आणि सामान झाला. १९७४ साली तिसरा वर्ग गेला, म्हणजे त्याचे नाव गेले. पुढे १९७७ मध्ये आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गातल्या झोपायच्या लाकडी फळ्यांवर २ इंच फोम घातला. त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालेली, तेव्हा वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस आमच्या नागपूरवरूनच हावड्याला जाते. सामानाला गादी लागत नाही. वर झोपतो तो माणूस आहे, हे सरकारने त्या २ इंचांत लेखी मान्य केले, असे मी समजतो.

जनरलच्या डब्यापर्यंत मात्र हा निकाल पुरता पोचलेला नाही. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येते. फळीवर अंग चोरून झोपलेला मजूर ५० किलोचा असतो. हिशेबाने वरच्या १५ किलोंचे लगेज लागायला हवे. तेवढे कोणी मागत नाही, ही मेहेरबानी! २०१९ पासून नागपुरात मेट्रो धावते, तिच्यात डोक्यावर फळीच नाही, धरायला कड्या आहेत. ठीक आहे, सीताबर्डीला जायला ट्रंक कोण नेतो? पण रात्रभराच्या गाडीची फळी आखणाऱ्याने ट्रंकेबरोबर एक माणूसही मोजून घ्यावा : साडेपाच फूट लांब, उशाला चपला, आणि खालच्याला लागू नयेत म्हणून पाय दुमडलेले.