गिरणगावचा विरह आणि अण्णा भाऊंची ‘मैना’

शाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या गीतांचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे प्रचारसाहित्य म्हणून येतो, आणि वाङ्मयेतिहासात लोकवाङ्मयाच्या प्रकरणाअखेरीस. पहिल्या वर्गीकरणात कवीची कारागिरी हरवते. दुसऱ्यात कवीच हरवतो. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घेऊन या दोन्ही मतांची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अण्णा भाऊंचा जन्म वारणाकाठच्या वाटेगावी, मातंग कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. १९३१ च्या सुमारास साठे कुटुंब पायी मुंबईस आले. पुढे गिरणीतील चाकरी, माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील वास्तव्य, कम्युनिस्ट पक्षाचे कार्य, मध्यंतरी गावाकडील तमाशाचा फड, आणि १९४४ मध्ये अमरशेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक, हा क्रम सुपरिचित आहे. या क्रमात फड आणि गिरणी एकाच माणसाच्या वाट्यास आली, हे मात्र विसरता कामा नये.

पेशवाईतील विरहाच्या लावणीत बोलते ती बहुधा स्त्री. पती मोहिमेवर गेलेला असतो. अण्णा भाऊंच्या छक्कडीत बोलतो तो घर सोडून आलेला पुरुष, आणि त्याला घराबाहेर काढले आहे ते दारिद्र्याने. हा पालट लहान नव्हे. बायकोमुले गावी ठेवून खोलीत दाटीने राहणारा, खाणावळीत जेवणारा आणि गावी मनीऑर्डर पाठविणारा कामगार गिरणगावात घरोघर होता. लावणीचा जुना संकेत त्याच्या बाबतीत नुसता संकेत राहिलेला नव्हता. म्हणूनच पुढे कवी मैनेची ताटातूट आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या महाराष्ट्रापासून तुटलेल्या वा तुटू घातलेल्या मुलखांची ताटातूट शेजारी ठेवतो, तेव्हा श्रोत्यास उपमेचे स्पष्टीकरण लागत नाही. भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न त्याला आपल्या बिऱ्हाडाच्या अनुभवावरून कळतो. केवळ प्रचार करावयाचा असता तर मुलखांची नावे पहिल्याच कडव्यात आली असती. येथे ती फार उशिरा येतात.

आरंभीचे मैनेचे रूपवर्णन मात्र फडाच्या ठरीव साच्यातले आहे. त्यात कवीचे स्वतःचे असे थोडे. मुंबईचे वर्णन येते तेथून भाषा बदलते, अलंकार ओसरतात. शीर्षकातील ‘गावावर’ हे रूपही पाहण्यासारखे आहे. प्रमाण भाषेत ‘गावी’ झाले असते. शाळेच्या संस्काराने घडलेला कवी ते बोलीरूप कदाचित सुधारून घेता, आणि ओळीचा ठेका गमावून बसता.

सभासभांतून ही छक्कड गायिली ती अमरशेखांनी. तेही बार्शीच्या गिरणीत काम केलेले. त्यांचा आवाज इतका प्रभावी ठरला की रचनाकाराचे नाव श्रोत्यांना पुष्कळदा मागाहून आठवते.