बानाचं गणित

भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने कलकत्तेकरांनी बागबाजारपाशी खंदक खणला. मी मराठी, म्हणून शेजारी मला अजून त्यावरून चिडवतात. इथला खरा हल्ला मात्र नदीतून येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती निमुळत्या हुगळीत शिरते, पाणी भिंतीसारखं उठतं, ‘बान! बान!’ ओरडत नावाडी होड्या काठापासून मध्यावर नेतात.

अशा पाण्याचा वेग क्षणाक्षणाला कसा बदलतो, हे अवकल समीकरणं सांगतात. लाप्लासने ती अठराव्या शतकात समुद्राच्या भरतीसाठी मांडली, सँ-व्हनाँने १८७१ मध्ये नदीच्या पात्रासाठी. ती हाताने सोडवणं जिकिरीचं. म्हणून केल्व्हिनने चंद्रसूर्याच्या ओढीचे तरंग वेगवेगळे करून कप्प्या-दोरीच्या यंत्राने त्यांची बेरीज केली. १८७९ मध्ये रॉबर्ट्सने हिंदुस्थानी बंदरांसाठी तसंच यंत्र घडवलं. भरतीची वेळ त्यामुळे वर्षभर आधी छापता येऊ लागली.