खानदेशातील खुले संग्रहालय : पितळखोरे, चाळीसगाव आणि लळिंग

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला चार दर्शनीय स्थाने सांगितली आहेत. तथागतांचा जन्म झाला ते स्थान, त्यांना सम्यक संबोधी प्राप्त झाली ते स्थान, त्यांनी धम्मचक्र प्रवर्तित केले ते स्थान आणि जेथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले ते स्थान. श्रद्धावान माणसाने ही स्थाने पाहावीत आणि त्या दर्शनाने त्याच्या चित्तात संवेग उत्पन्न व्हावा, असे त्या उपदेशाचे तात्पर्य आहे. संवेग म्हणजे निव्वळ भावुकता नव्हे. जे घडले त्याचे भान येऊन पुढील आचरणास मिळणारी चालना म्हणजे संवेग होय. येथे तथागतांनी वस्तू जपण्यास सांगितलेले नाही, तर जमीन पाहण्यास सांगितले आहे, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते. घटना जेथे घडली तेथे जाऊन उभे राहणे, हाही इतिहासाच्या अध्ययनाचा एक मार्ग आहे, हा विचार आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे.

आधुनिक काळात पाश्चात्त्य देशांत खुल्या संग्रहालयाची कल्पना रूढ झाली. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्टुर हाझेलिउस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन हे संग्रहालय उघडले. जुनी घरे, गोठे व कार्यशाळा ठिकठिकाणांहून आणून तेथे पुन्हा उभारण्यात आल्या आणि यंत्रयुगात लोप पावणारे ग्रामजीवन लोकांस पाहावयास मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदार व अलुतेदार आपापल्या कामात मग्न असलेले तेथे शिल्परूपाने दाखविलेले आहेत. अशी संग्रहालये लोकप्रिय होतात, कारण प्रत्येकास आपल्या आजोबांचे गाव पाहावेसे वाटते.

परंतु ग्रामजीवनाचे कोणतेही प्रदर्शन पाहताना आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या गावात महारवाडा कोठे आहे? पाणवठे किती आहेत आणि कोणत्या पाणवठ्यावर कोण उभे आहे? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांविषयीच्या भाबड्या गौरवाचा कठोर समाचार घेतला होता. ज्यांनी त्या गावाची वेस बाहेरून पाहिली, त्यांच्या दृष्टीने गावाचा इतिहास निराळा आहे. यास्तव त्यांचे संग्रहालयही निराळे असणार.

हे संग्रहालय कोठे शोधावे, याचे उत्तर खानदेशापुरते तरी आम्हास सापडते असे वाटते. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आज त्या प्रदेशात जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये निर्माण झालेला नंदुरबार हे जिल्हे येतात. इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने हा प्रदेश दरिद्री नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि लगेच पुढील वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मंडळाने दप्तरे, पोथ्या व पुराणवस्तू जतन केल्या, हे कार्य मोलाचे आहे. तथापि दप्तर त्याचेच टिकते, ज्याच्या घरी लेखणी होती. ज्यांना अक्षर शिकण्यासच बंदी होती, त्यांची दप्तरे कोणत्याही कपाटात सापडणार नाहीत. त्यांचा इतिहास रस्त्यावर, नदीकाठी, रेल्वे स्थानकावर आणि डोंगरातल्या लेण्यांत शोधावा लागतो. अशी तीन स्थाने आपण येथे पाहू.

पहिले स्थान पितळखोरे. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगरात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात, ही लेणी आहेत. शासकीय विभागणीनुसार ती कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. परंतु डोंगराची ही कड खानदेशाच्या मैदानाकडे पाहते आणि पाटणादेवीकडून वर चढणाऱ्यास ती खानदेशचीच वाटते. लेण्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. येथे चैत्यगृह आहे, विहार आहेत, आणि एका विहाराच्या जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती आहेत. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे स्थान होते. म्हणूनच येथील दानलेखांत पैठणच्या गंधिक कुळातील मितदेव आढळतो. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजवैद्य मगिल व त्याच्या कुटुंबीयांची दानेही येथे नोंदलेली आहेत. राजाच्या एकट्याच्या औदार्यातून ही लेणी निर्माण झाली नाहीत. व्यापारी, वैद्य, त्यांची मुलेबाळे, अशा उपासकांच्या वर्गणीतून ती उभी राहिली.

१९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने येथील मलबा उपसला आणि म. न. देशपांडे यांनी त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या मलब्यात एक ठेंगणी, हसरी यक्षमूर्ती मिळाली. तिच्या तळहातावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. ही मूर्ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविली, असा त्याचा आशय आहे. प्राचीन भारतात शिल्पकारांची नावे क्वचितच सापडतात, म्हणून विद्वानांस या लेखाचे महत्त्व वाटते. आम्हास त्याहून आणखी एका गोष्टीचे महत्त्व वाटते. सोन्याचे काम करणाऱ्या माणसाने येथे दगडाचे काम केले, आणि ते करणाऱ्याचे नाव मूर्तीच्या हातावर उमटले. बौद्ध संघाच्या त्या आवारात कारागिराच्या हातास नाव होते.

ती यक्षमूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पितळखोऱ्याची काही शिल्पे मुंबईच्या संग्रहालयातही आहेत. त्यांचे रक्षण झाले हे योग्यच झाले. परंतु ज्या दरीत कण्हदासाचे हात राबले, ती दरी दिल्लीस नेता येत नाही. ती पाहण्यासाठी पितळखोऱ्यासच जावे लागते.

दुसरे स्थान या लेण्यांच्या पायथ्याकडील मैदानात आहे, आणि त्याचा काळ दोन हजार वर्षांनंतरचा आहे. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये समितीच्या कामाने ते खानदेशात आले. काम आटोपल्यावर चाळीसगाव-धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. तेथील महार मंडळींनी त्यांना रात्री आपल्या वस्तीत मुक्काम करण्याची विनंती केली होती. स्थानकापासून महारवाडा फार दूर नव्हता. मध्ये एक नदी होती व तीवर फरशीचा कमी उंचीचा पूल होता. त्यास कठडा नव्हता, केवळ कडेला अंतराअंतरावर दगड बसविलेले होते.

टांगा येण्यास फार वेळ लागला. अखेर टांगा आला. तो पुलावर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत गेला. त्यांचा पाय मोडला व इतरही दुखापती झाल्या. पलीकडच्या तीरावर स्वागतासाठी पोचलेल्या माणसांनीच त्यांना उचलून आक्रोश करीत वस्तीत नेले.

कारण मागाहून कळले. अस्पृश्य प्रवाशास बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपला बॅरिस्टर नेता पायी चालत वस्तीत यावा, हे महार मंडळींना सहन होत नव्हते. शेवटी तडजोड झाली, ती अशी की टांगा भाड्याने द्यावयाचा, हाकणारा मात्र त्यांनी आपल्यातला आणावयाचा. तो त्यांचा धंदा नव्हता. ज्याने लगाम हाती घेतला त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता, आणि जबाबदारीच्या जाणिवेने त्याचा धीर सुटला. मान राखण्याच्या धडपडीत जीव धोक्यात आला. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरापेक्षाही टांगेवाला स्वतःस श्रेष्ठ समजू शकतो, हा जातिव्यवस्थेचा धडा बाबासाहेबांनी या प्रसंगातून मांडला.

हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात्मक लेखनात नोंदविला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते पाठ्य म्हणून वापरले गेले आहे. न्यूयॉर्कमधील विद्यार्थी चाळीसगावचा तो पूल वाचून जाणतो. मग चाळीसगावच्या शाळेतील मुलास तो रस्ता दाखविणे हे कोणाचे कर्तव्य आहे? स्कान्सेनप्रमाणे घरे उचलून दुसरीकडे उभारता येतील, पण स्थानकापासून वस्तीपर्यंतचे ते अंतर उचलून नेता येणार नाही. त्या संग्रहालयातील खरी वस्तू ते अंतरच आहे.

तिसरे स्थान लळिंग. धुळ्याच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. फारुकी घराण्याच्या इतिहासात त्यास महत्त्व आहे. १३९९ मध्ये निधन पावलेल्या मलिक राजाने लळिंग आपला थोरला पुत्र नसीर यास दिला होता. परंतु दरवर्षी ३१ जुलैला तेथील कुरणात जो जनसमुदाय जमतो, तो सुलतानांच्या स्मरणासाठी नव्हे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते. स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना आदल्या वर्षी झाली होती, त्या वर्षीच्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, आणि खानदेशातील दलित समाजास प्रथमच आपला राजकीय आवाज ऐकू येत होता. लळिंग कुरणातील लांडोर बंगल्याशी त्यांच्या वास्तव्याची आठवण लोकपरंपरेने जोडलेली आहे. म्हणूनच तेथे भीमस्मृती यात्रा भरते. पावसाचे दिवस असतात, शेतीची कामे असतात, तरी उपासक-उपासिका मुलांना घेऊन येतात, अभिवादन करतात, भीमगीते ऐकतात.

१९२९ आणि १९३७ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. मुंबईहून आगगाडीने धुळ्यास जावयाचे तर चाळीसगावास गाडी बदलावी लागे. ज्या मार्गावर एका टांग्यासाठी तडजोड करावी लागली होती, त्याच मार्गाच्या टोकाशी आठ वर्षांनी कायद्याचा पंडित म्हणून बाबासाहेब न्यायालयात उभे राहण्यास आले. या आठ वर्षांत काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा या घटना घडल्या. खानदेशातील एका लोहमार्गावर हे सारे स्थित्यंतर वाचता येते.

लळिंगची यात्रा लोकांनी टिकविली, हे समाजाचे मोठे कर्तृत्व आहे. तथापि यात्रेचे रूपांतर निव्वळ जत्रेत होण्यास वेळ लागत नाही, हे आपण अन्यत्र पाहिले आहे. धम्मात श्रद्धेबरोबर प्रज्ञा अपेक्षित आहे. म्हणून या तिन्ही स्थानी अध्ययनाचे काही उपक्रम समाजाने हाती घ्यावेत, असे आम्ही सुचवितो. लळिंग येथे ३१ जुलैस एक नोंदवही ठेवावी. वृद्धांनी आपल्या आईवडिलांकडून जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या संमतीने, गाव व साल यांसह लिहून घ्यावे. त्यात कागदपत्रांनी सिद्ध होणारे काय आणि तोंडी परंपरेने आलेले काय, हे वेगवेगळे दाखवावे. परंपरेस परंपरा म्हटल्याने तिचा अपमान होत नाही, उलट उद्याच्या संशोधकाचा तिच्यावर विश्वास बसतो. चाळीसगाव येथे स्थानकापासून नदीपर्यंत विद्यार्थ्यांची पदयात्रा काढावी, वाटेत तो प्रसंग वाचावा आणि जुने नकाशे व नगरपालिकेची दप्तरे तपासून त्या पुलाची जागा निश्चित करावी. पितळखोऱ्यास जाताना ब्राह्मीची काही अक्षरे शिकून जावे. लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तेथे रंग फासणे, नावे कोरणे, धूर करणे हे कायद्यानेही वर्ज्य आहे आणि धम्मानेही.

या कामास इमारत लागत नाही, तिकीटघर लागत नाही. वही, लेखणी आणि चालण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. ज्या समाजाने वर्गणीतून विहार उभारले, त्यास हे कठीण नाही.

कण्हदासाचे नाव दोन हजार वर्षे दगडी तळहातावर टिकले. चाळीसगावी ज्याने थरथरत्या हाताने लगाम धरला, त्याचे नाव बाबासाहेबांच्या लेखनात आलेले नाही. त्याने टांगा हाकण्यास होकार दिला, कारण आपल्या माणसाने पायी येऊ नये असे त्यास वाटत होते. हात दोघांचेही कष्टकऱ्यांचेच होते. एकास संघाच्या आवारात नाव कोरता आले, दुसऱ्यास जातीने लगाम धरणेही शिकू दिले नाही. या दोन हातांमधील अंतर मोजणे, आणि नाव नसलेल्यांची नावे शोधून लिहून ठेवणे, हेच खानदेशातील खुल्या संग्रहालयाचे खरे कार्य होय.