अळी काढली, पुढे काय?

यवतमाळच्या जिनिंगमधील एका हमालाच्या पायाच्या जखमेत आम्ही अळ्या पाहिल्या. त्या वेचून काढल्या नि आम्हांला वाटले, संकट टळले. तसे नसते. 2001 साली हंगेरीतील संशोधकांनी मांसमाशीच्या अळीत एक नवा जंतू शोधला; 2007 पासून त्याच्या कुळाला 'इग्नात्झशिनेरिया' म्हणतात. (नाव उच्चारताना आमची जीभ अडखळते!) 2011 साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मांसमाश्यांच्या पोटातून त्याचे दोन भाऊबंद काढले, एकाचे नाव 'इंडिका'. तत्पूर्वी, 2009 साली, फ्रान्समधील एका बेघर बाईच्या रक्तात अळीतलाच दुसरा जंतू सापडल्याची नोंद झाली होती. म्हणजे माशी अळी टाकते, आणि अळीबरोबर जंतू उघड्या जखमेतून रक्तापर्यंत जाऊ शकतो. आमच्या हमालाने जखम आठ दिवस लपवली होती. रोजी बुडाली असती.