बोटभर लोखंड : गोठलेल्या सरोवराला भोक पाडण्याचा इतिहास

गोठलेल्या सरोवरातले मासे पकडायचे तर पहिली अडचण मासे नसतात, बर्फ असतो. हातभर जाडीच्या, दगडासारख्या कठीण थराला भोक पाडायचे, आणि तेही रिकाम्या पोटी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत. कशाने पाडायचे? या एका प्रश्नाभोवती अठराव्या शतकातील उत्तर कॅनडाचा बराच इतिहास फिरतो. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

प्रथम कुऱ्हाडीचा विचार करू, कारण आपल्या मनात तीच येते. कुऱ्हाड तिरपी चालते. त्यामुळे भोक वर रुंद आणि खाली निमुळते होत जाते. बर्फ जितका जाड, तितके वरचे तोंड मोठे करावे लागते आणि तितका अधिक बर्फ व्यर्थ फोडावा लागतो. शिवाय तळ फुटून पाणी वर आले की पुढचा प्रत्येक घाव पाण्यात बसतो. उडालेले शिंतोडे कपड्यांवर गोठतात. त्या प्रदेशात ओले कपडे ही गैरसोय नव्हे, मृत्यूची सूचना असते.

म्हणून बर्फावर वावरणाऱ्या लोकांनी जगात ठिकठिकाणी एकाच अवजाराची वाट धरली : लांब दांडा, टोकाला जड आणि धारदार पाते. इनुइट त्याला ‘तूक’ म्हणतात, रशियन ‘पेश्न्या’. आपल्याकडे त्याची सर्वांत जवळची नातेवाईक म्हणजे पहार. ती उभी चालते, भोकाच्या भिंती सरळ ठेवते, आणि निम्मे काम हाताऐवजी तिचे वजनच करते. जाणता माणूस भोवतालचा बर्फ आधी काढून तळाचा पातळ थर शेवटासाठी राखतो. फुटलेले तुकडे उपसायला झाऱ्यासारखे साधन लागते, नाहीतर तेच तुकडे पुन्हा गोठून भोक बुजवतात. आज मासेमार गिरमिट वापरतात, हाताने फिरवायचे किंवा मोटरवर चालणारे. पण ते विसाव्या शतकाचे सुख आहे. आपल्याला त्यापूर्वीच्या काळात जायचे आहे.

त्या काळाचा आपला साक्षीदार सॅम्युएल हर्न. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा हा तरुण नोकर चर्चिल नदीच्या मुखावरील प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यातून उत्तरेकडील तांब्याच्या खाणींचा शोध घ्यायला निघाला. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी, डिसेंबर १७७० मध्ये, चिपेवायन पुढारी मातोनाबी याच्यासोबत तो निघाला आणि जून १७७२ च्या अखेरीस परतला. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये, प्रसिद्ध झाले. साम्राज्याच्या नोकराने लिहिलेला ग्रंथ म्हणून तो सावधपणेच वाचायला हवा. परंतु अवजारांविषयी हर्न लिहितो तेव्हा मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण ती अवजारे त्याच्या पोटाशी जोडलेली होती.

बर्फाखाली जाळे लावण्याची चिपेवायन पद्धत तो सविस्तर सांगतो. जाळे आधी बर्फावर पसरून त्याची लांबी पाहायची. मग तेवढ्या लांबीवर दहा-बारा फुटांच्या अंतराने एका ओळीत गोल भोके पाडायची. एका टोकाच्या भोकातून लांब, हलकी काठी आत सोडायची आणि दुबेळक्याच्या काठ्यांनी ती एका भोकाखालून दुसऱ्याखाली सरकवत शेवटापर्यंत न्यायची. काठीला बांधलेली दोरी पलीकडे निघाली की तिच्यामागून जाळे ओढून घ्यायचे.

आता साधा हिशेब करा. जाळे १२० फुटांचे धरले तर अकरा ते तेरा भोके, मासा लागेल की नाही हे ठाऊक नसताना. येथे अवजाराइतकीच पद्धतीची हुशारी दिसते : जाळे एकदा लागले की दरवेळी फक्त टोकांची दोन भोके उघडावी लागतात, मधली गोठून गेली तरी बिघडत नाही. पुढे विसाव्या शतकात कॅनडाच्या मैदानी प्रांतांतील मासेमारांनी बर्फाच्या तळाला चिकटून सरकणारी फळी वापरात आणली, तेव्हा मधली भोके पाडण्याचेही कारण उरले नाही.

गळाची मासेमारी याहून सोपी. एक-दोन फूट व्यासाचे भोक आणि आमिष लावलेला गळ. पण गळ सतत हलता ठेवायचा. त्याने मासा आकर्षित होतो, आणि पाणी हलते राहिल्याने भोकही लवकर गोठत नाही. भोक पाडायला किती कष्ट पडत असतील, हे या एका काटकसरीवरून कळावे.

चर्चिल येथे कंपनीचे ठाणे बसले १७१७ मध्ये. त्याआधी या प्रदेशातील लोकांकडे धातू म्हणजे मुख्यतः तांबे, जमिनीवर सापडणारे आणि ठोकून घडवलेले. हर्नने त्या तांब्याच्या कुऱ्हाडी, सुऱ्या, आऱ्या, बाणांची टोके आणि बर्फाच्या छिन्न्या यांची नोंद केली आहे. तांबे ठोकल्याने काहीसे कठीण होते खरे, पण बर्फावर त्याची धार लवकर बसते. लोखंडाची टिकते. एवढ्याशा फरकासाठी लोक शेकडो मैल चालत आले.

आणि त्याची किंमत मोजली. खाणींजवळ राहणारे, ज्यांना हर्न ‘कॉपर इंडियन’ म्हणतो, ते स्वतः किल्ल्यापर्यंत क्वचितच पोहोचत. चिपेवायन मध्यस्थ त्यांना माल विकत. दर ठरलेला : कंपनीच्या किमतीच्या दहापट. किल्ल्यात एका बीव्हरच्या कातड्याला मिळणारी कुऱ्हाड तिकडे दहा कातड्यांना. सुऱ्या आणि इतर लोखंडी जिनसांचे दरही त्याच प्रमाणात. कंपनीच्या नफ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या दुसऱ्या टप्प्यातील नफ्याकडे, माझ्या मते, त्या मानाने कमी पाहिले जाते.

ही कातडी यायची कुठून, हे पाहिले की वर्तुळ पुरे होते. हिवाळ्यात घराला धोका झाला की बीव्हर काठाच्या बिळांत लपतात. शिकारी आपली लोखंडी छिन्नी चार-पाच फुटांच्या काठीला बांधतो आणि काठाने बर्फ ठोकत चालतो. खाली बीळ असेल तेथे आवाज बदलतो. नारळ वाजवून पारखणाऱ्या माणसासारखाच हा कान. आवाज बदलला की तेथे मोठे बीव्हर मावेल एवढे भोक पाडायचे. म्हणजे माशासाठी बर्फ फोडणारे अवजार बीव्हरसाठीही चालले, आणि त्या बीव्हरच्या कातड्यावर पुढचे लोखंड विकत घेतले गेले.

जुलै १७७१ मध्ये कॉपरमाइन नदीच्या धबधब्यापाशी हर्नच्या सोबत्यांनी झोपेत असलेल्या इनुइट छावणीवर हल्ला केला. वीसहून अधिक माणसे मारली गेली. या प्रसंगाच्या छापील वर्णनावर नंतर संपादकीय हात फिरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. नंतरचा तपशील मात्र रुक्ष आहे आणि म्हणूनच अधिक बोचतो : हल्लेखोरांनी तंबूंतून तांब्याच्या वस्तू लुटून नेल्या. हर्नला त्या इनुइटांकडे लोखंडाचे दोनच तुकडे दिसले. एक दीड इंच लांबीचा, बाईच्या सुरीत बसवलेला. दुसरा जेमतेम इंचभर.

आता ज्या नोंदीमुळे मी हा विषय घेतला, ती. ११ जानेवारी १७७२. शिकाऱ्यांना बर्फावर अनोळखी पावलांचा माग दिसला. मागावर गेल्यावर एका छोट्या झोपडीत एकटीच बसलेली तरुण डॉगरिब स्त्री आढळली. अथापस्को लोकांनी १७७० च्या उन्हाळ्यात तिला पळवून नेले होते आणि तिचे तान्हे मूल मारले होते. पुढच्या उन्हाळ्यात ती निसटली, वाट चुकली, आणि सात महिने तिने माणसाचे तोंड पाहिले नव्हते.

तिच्याजवळचे लोखंड : पिंपाच्या पट्टीचा पाच-सहा इंचांचा तुकडा, ज्याची तिने सुरी केली होती, आणि बाणाच्या टोकाचा दांडा, जो आरी म्हणून चालत होता. एवढ्यावर तिने बर्फावर चालायचे जोडे केले, नीटनेटके कपडे शिवले, फासे लावून ससे आणि पक्षी धरले. हर्नने तिला पाहिले तेव्हा ती धडधाकट होती.

फावल्या वेळात ती विलोच्या आतल्या सालीची दोरी वळत असे. कित्येक शे वाव दोरी तयार होती. तिचे जाळे विणून वसंत येताच मासे धरायचे, असा तिचा बेत होता. वसंतच का? हर्न कारण देत नाही. माझा तर्क असा : सात महिन्यांत दोरी झाली असती, जाळेही झाले असते, पण पट्टीच्या तुकड्याने बर्फाला ओळीने भोके पाडता येत नाहीत. तिच्याकडे छिन्नी नव्हती, म्हणून ती बर्फ वितळण्याची वाट पाहत होती.

ती सापडली त्याच संध्याकाळी तिला बायको करून घेण्यासाठी तांड्यातील पुरुषांनी आपसांत कुस्त्या खेळल्या आणि जवळजवळ दहा वेळा ती एकाकडून दुसऱ्याकडे जिंकली गेली. दोरीचे पुढे काय झाले, हे हर्न लिहीत नाही.